स्वच्छ दिसणारे पाणी

फायटर मासा बाटलीतही जगतो, अशी त्याची ख्याती आहे. थायलंड आणि आसपासच्या देशांतील भातखाचरांत व उथळ डबक्यांत राहणारा हा बेट्टा. कल्ल्यांच्या जोडीला त्याला एक खास श्वसनेंद्रिय असते आणि पृष्ठभागावर येऊन तो थेट हवेतून प्राणवायू घेतो. म्हणूनच दुकानदार त्याला बरणीत ठेवतात. आम्हीही एकदा तो वर्गाच्या टेबलावर काचेच्या छोट्या भांड्यात ठेवला होता. दर शनिवारी मुले भांडे, रेती, सारे नळाखाली खळखळून धूत. पाणी लख्ख दिसे. मासा मात्र दोन महिन्यांत मेला. प्राणवायू कमी पडला म्हणावे, तर हा हवा घेणारा मासा! मग कमी कशाची पडली? हे कोडे सुटायला एकोणिसाव्या शतकात चाळीस वर्षे लागली, आणि त्यात एका बापलेकांचा वाटा आहे.

लंडनच्या अ‍ॅपोथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५५ लिटरच्या आसपास पाण्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा व प्राणवायू परत द्यावा, हा हिशेब. पण जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी मग तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर फस्त केला, पाणी निवळले. गोगलगायींची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली, हा वरचा नफा! १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. त्यानंतर इंग्लंडमध्ये घरोघरी काचपेट्या ठेवण्याचे वेड पसरले आणि १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

हिशेब सुंदर होता, पण अपुरा. मासे कल्ल्यांवाटे अमोनियाही सोडतात, उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो, आणि एवढ्या अल्प प्रमाणात तो दिसत नाही की त्याचा वास येत नाही. वनस्पती त्यातला थोडा घेतात. बाकीच्याचे काय होते?

१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व खडू भरलेल्या नळीतून मैलापाणी हळूहळू सोडले. वीस दिवस काहीच बदल नाही. मग अमोनिया घटू लागला व नायट्रेट बाहेर येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत होते! हा धागा उचलला तो वॉरिंग्टन यांच्याच मुलाने. त्याचेही नाव रॉबर्ट. रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात त्याने दाखवले, की अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट ही दोन वेगळ्या जीवांची कामे आहेत. ते जीव वेगळे करणे मात्र त्याला साधले नाही. ते १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी झुरिकमध्ये साधले.

आता आमचा शनिवार आठवा. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. रेतीला, काचेला, पानांना चिकटून राहतात. आम्ही दर आठवड्याला त्यांनाच खरडून काढत होतो, वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन. रेतीत जीवाणू वसण्याआधीच आमचा पुढचा शनिवार उजाडे. भांडे जितके लहान, तितका अमोनिया लवकर साचतो. सामूही पाहायला हवा: २५ अंश सेल्सिअसला, सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर ८ असताना सुमारे ५ टक्के.

तेव्हा भांड्याऐवजी दहा-पंधरा लिटरची पेटी घ्यावी. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, तेही क्लोरीन काढलेले व पेटीतल्याइतक्याच तापमानाचे. रेती धुवायचीच तर पेटीतून काढलेल्या पाण्यात नुसती हलवावी. नवी पेटी बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर पाणी अधिक वेळा बदलावे आणि खाणे चिमटीपेक्षाही कमी द्यावे. मुलांना हे शेवटचे सर्वांत जड जाते.

धाकट्या वॉरिंग्टनच्या ‘दोन जीवां’ना एक अपवाद २०१५ मध्ये सापडला: दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा जीवाणू. त्याचा एक नमुना मिळाला तो मत्स्यपालनाच्या टाक्यांचे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत.