लॉर्ड चान्सेलर पळून जातात तेव्हा

१८११ ते १८२० हा इंग्लंडातला रीजन्सीचा काळ. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झालेला, कारभार युवराजाच्या हाती. या काळावरच्या कादंबऱ्यांत मध्यरात्री एक घोडागाडी उत्तरेकडे उधळते. आत प्रेमी जोडपं, मागावर संतापलेला बाप. हे काही नुसतं कल्पनेतलं नव्हे.

मूळ आहे १७५३ च्या विवाह कायद्यात. तो आणला लॉर्ड हार्डविकने. हा लॉर्ड चान्सेलर, म्हणजे देशातला सर्वोच्च न्यायाधिकारी. श्रीमंतांच्या लेकी भामट्यांच्या हाती लागू नयेत म्हणून लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा परवाना सक्तीचा झाला. एकविशीच्या आतल्यांना परवान्यासाठी बापाचा होकार हवा. स्कॉटलंड मात्र या कायद्याबाहेर. तिथे साक्षीदारांसमोर एकमेकांना पत्करलं की लग्न लागलं! सरहद्दीला लागून असलेल्या ग्रेटना ग्रीन गावाचा त्यावर धंदाच उभा राहिला. लग्न लावणाऱ्याची दक्षिणा गिऱ्हाइकाचा थाट बघून ठरे. लोहाराच्या ऐरणीवर लग्नं लागत, ही गोष्ट पुढे फार रंगली, पण तिथला नावाजलेला ‘भटजी’ जोसेफ पेस्ली लोहार नव्हताच.

खरी गंमत पुढेच आहे. रीजन्सीभर लॉर्ड चान्सेलर होता लॉर्ड एल्डन, कर्मठपणाबद्दल प्रसिद्ध. १७७२ च्या नोव्हेंबरात, तो साधा जॉन स्कॉट असताना, न्यूकॅसलच्या सावकाराची मुलगी बेसी सर्टीस शिडीवरून खिडकीबाहेर उतरली आणि दोघांनी स्कॉटलंड गाठलं. ते घर आजही उभं आहे. पण १८१७ मध्ये त्याच्याच लेकीने, एलिझाबेथने, जॉर्ज रेप्टन या वास्तुविशारदाशी गुपचूप लग्न केलं, तेव्हा हाच बाप भडकला. समेट व्हायला १८२० उजाडलं.

दुसरा मासा थॉमस अर्स्किन. हाही माजी लॉर्ड चान्सेलर. १८१८ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, तो सेरा बक हिच्याशी लग्न करायला ग्रेटना ग्रीनला गेला. ओळख लपवायला म्हणे बाईचा वेष घेतला होता. वेषाची गोष्ट ऐकीव आहे, लग्न मात्र खरं.

१८५६ मध्ये नवा कायदा आला: वधूवरांपैकी एकाने तरी आधी एकवीस दिवस स्कॉटलंडात राहिलेलं हवं. धंदा बसला. हा कायदा आणला लॉर्ड ब्रूमने. तोही माजी लॉर्ड चान्सेलर, आणि त्याचं स्वतःचं लग्न १८१९ साली गुपचूप लागलं होतं, सरहद्दीवरच्या कोल्डस्ट्रीम गावात.