दोष कुशीचा नव्हता

आपल्या नांदेड-लातूरकडं एखादीचं दोन-तीनदा पोट पडलं की बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतं, सटवाईनंच तसं लिहिलं. कुणी करणी म्हणतं, तर कुणी मुलाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढतं. आज अशा एका आजाराची गोष्ट ऐका, ज्यानं बायांवर दुहेरी डाग लागला.

1906 साली जर्मनीत वासरमान यांनी उपदंशाची, म्हणजे गरमीची, रक्ततपासणी काढली. पुढं ती गरोदर बायांचीही होऊ लागली. तपासणीसाठी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरत. 1941 साली अमेरिकेत मेरी पँगबॉर्न या बाईंनी त्यातला नेमका घटक वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. पण काही जणींना गरमी नसतानाही तपासणी तशीच निघायची. नवरा-बायको दोघं निर्मळ, आणि कागदावर मात्र डाग!

1952 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना ल्युपसच्या काही रुग्णांत आणखी एक कोडं दिसलं. त्यांचं रक्त काचेच्या नळीत उशिरा गोठायचं. पुढं कळलं की अंगात मात्र याच्या उलट, रक्ताच्या गुठळ्या होतात. 1983 साली लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी धागे जोडले : रक्तातल्या या खुणा, गुठळ्या आणि पुन्हा पुन्हा होणारा गर्भपात, हे सगळं एकाच आजाराचं. आज त्याला अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात.

आपल्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. राखणीला ठेवलेल्या गड्यानं आपल्याच ज्वारीवर गोफण चालवावी, तशी ती इथं आपल्याच अंगावर उलटतात. गुठळ्या होतात, वारेलाही इजा होते आणि बाळाचं पोषण तुटतं. यात बाईचा काय गुन्हा?

उपायही सापडला. 1997 साली लंडनमधला एक अभ्यास छापून आला. नुसत्या ॲस्पिरिनवर 45 पैकी 19 जणींना जिवंत बाळ झालं. जोडीला हेपॅरिनची इंजेक्शनं दिली, तेव्हा 45 पैकी 32 जणींना! आपल्याकडंही मुंबईत, केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या सरकारी संशोधन संस्थेनं पोट पडलेल्या बायांच्या रक्ताचा असा अभ्यास केला आहे.

एक लक्षात ठेवा. पोट पडण्याची कारणं पुष्कळ असतात, हे त्यातलं एक. पण वारंवार पोट पडलं, पायाला एकाएकी सूज येऊन गुठळी झाली, तर नांदेड किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात जा आणि जुने सगळे कागद सोबत न्या. तपासणी एकदा दोष दाखवते म्हणून भागत नाही, किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ॲस्पिरिनची गोळी मात्र मनानं घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

आणि गटाच्या बैठकीत कुणी अशा लेकीसुनेला बोल लावला, तर ही गोष्ट तिथंच सांगा. नशिबाला बोल लावून झाला असेल, तर आता रक्त तपासू या.