लाइन गेली, लाइन आली

'लाइन गेली का हो तुमच्याकडं?' परभणीत संध्याकाळी शेजारी असे विचारतो, तेव्हा तो विजेबद्दल बोलत असतो. हाच शब्द स्टेशनाजवळ ऐकला तर रूळ समजायचे, रेशन दुकानापुढे ऐकला तर रांग. आणि 'मुलगा कोणत्या लाइनीत घातला?' असे पाहुण्यांनी विचारले तर शिक्षण.

एका इंग्रजी शब्दाला एवढे अर्थ आले कुठून? त्याचे मूळ चक्क जवसात आहे. लॅटिन भाषेत जवसाला 'लिनम' म्हणत. त्याच्या खोडापासून निघणारा धागा तो 'लिनिआ'. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून धाग्याचे नाव रेघेला चिकटले. लिननचे कापड आणि शिंप्याचे लायनिंग हीही त्याच घरातली भावंडे. आपण भाकरीबरोबर जवसाची चटणी खातो, पण हे नाते आपल्या ध्यानात नसते.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे इंग्रजी शब्द सामान्य माणसाच्या कानी पडले ते शाळेपेक्षा रेल्वेमुळे अधिक, असे म्हणता येईल. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग परभणी, पूर्णा या गावांवरून गेला. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि एक मीटरची 'छोटी लाइन' जाऊन १.६७६ मीटरची 'मोठी लाइन' आली.

पुढे खांबांवरून विजेच्या तारा आल्या, त्याही लाइनच. गंमत अशी, की तार जागेवरच असते, जाते ती वीज. तरी आपण म्हणतो, 'लाइन गेली.' रात्रीच्या लाइनीची पाळी आली, की शेतकरी बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती बाजूला ठेवून पाणी द्यायला निघतो. त्याच्या लेखी लाइन म्हणजे त्या हंगामाचे पीकच. २०१६ च्या नोटाबंदीत तोच बँकेपुढच्या लाइनीत उभा होता. आज पीकविम्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा, तर त्यासाठीही केंद्रापुढे पुन्हा लाइनच!

या शब्दाला परका म्हणून हाकलण्याचे कारण नाही. आपण त्याला ओळ, रांग, रेघ यांच्यासारखे स्त्रीलिंगी करून घरात घेतले आहे. काळजी आहे ती घरच्या शब्दांची. पेरणीच्या ओळीला आपल्याकडची जाणती माणसे अजून 'तास' म्हणतात. नातवंडांना मात्र तास ठाऊक आहे तो घड्याळातला. एकदा त्यांना बांधावर नेऊन कापसाची तासे मोजायला लावा. नवा पाहुणा घरात राहू द्या, पण त्याच्यासाठी घरच्या माणसाला ओसरीवरून उठवू नका.