सपाटीवरचा किल्ला आणि तीन डोंगर

दिवाळी आली की आपल्याकडे घरोघरी अंगणात किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, जुने बारदान, लाल मातीचा चिखल, त्यावर पेरलेले अळीव आणि अगदी वर, माथ्यावर, चिमुकल्या सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज! किल्ला म्हटला की तो उंच असावयाचा, हे मुलांनी मनाशी पक्के धरलेले असते. मी इतकी वर्षे गल्लोगल्लीचे किल्ले पाहत आलो. पण भुईकोट बांधणारा बाळगोपाळ काही मला भेटला नाही. चार भिंती, चार बुरूज आणि भोवती खंदक, यांत त्यांना गंमत ती काय वाटावी?

आणि तरीही मोगलांच्या अफाट फौजेला भर पावसाळ्यात जवळजवळ आठ आठवडे चिखलात बसवून ठेवणारा किल्ला असाच सपाटीवरचा होता. तो म्हणजे चाकणचा संग्रामदुर्ग.

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. रविवार आला की तो आणि त्याचे मित्र लोणावळ्याला नाही तर भीमाशंकरला पळतात. गेल्या आश्विनात मी त्याला म्हणालो, "एक रविवार मला दे. आपण चाकणच पाहू." तो हसला. "मामा, चाकणला पाहण्यासारखे काय आहे? कांद्याचा बाजार आणि पुणे-नाशिक रस्त्यावरची गाड्यांची रांग!" पण पोरगा शब्दाचा पक्का. पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या घेऊन तो पहाटेच दारात हजर झाला.

प्रथम आम्ही किल्ल्यावर गेलो. 'किल्ल्यावर' ही केवळ बोलण्याची रीत. चढावयाचे असे तेथे काही नाहीच. गावातून चालता चालता आपण किल्ल्यात शिरतो. तटाचा काही भाग, काही बुरूज आणि खंदकाच्या खुणा राहिल्या आहेत. चहूकडून घरे अगदी अंगाशी येऊन भिडली आहेत.

येथेच २१ जून १६६० रोजी शाइस्ताखान येऊन ठाकला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा, आणि आत माणसे होती अवघी तीनशे-साडेतीनशे. खानाने चहूबाजूंनी मोर्चे बांधले. वरून पाऊस, खाली चिखल आणि आतून बंदुकांचा मारा. तोफांनी काम होईना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून बुरुजापर्यंत नेले आणि त्यात दारू ठासली. १४ ऑगस्टला तो बुरूज त्यावरच्या माणसांसकट आकाशात उडाला. खिंडारातून मोगल आत घुसले, तो काय! मागे मराठ्यांनी मातीचा दुसरा बांध घालून ठेवलेला होता. त्याच्या आडून त्यांनी ती रात्रही झुंजून काढली. अखेर राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला मोगलांच्या हाती गेला. खानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. ती त्यांनी नाकारली. महाराजांनी पुढे त्यांना भूपाळगडाची किल्लेदारी दिली. या एका भुईकोटापायी मोगलांची २६८ माणसे ठार आणि ६०० जखमी झाली.

भाचा बराच वेळ त्या बुरुजाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढा लढलेला किल्ला, मग तो राहिला का नाही, मामा?"

प्रश्न खरा होता. शत्रूने एक बुरूज उडवला. बाकीचा किल्ला काळाने आणि शेजाऱ्यांनी हळूहळू खाल्ला. सपाटीवरची वस्तू सर्वांच्याच वाटेत येते. कोणाला घराला दगड हवा असतो, कोणाला वाट, कोणाला गुरे बांधावयास जागा. राजगड, तोरणा यांचा दगड खाली आणणे घरच्या दगडापेक्षा महाग पडते. म्हणून ते वाचले. उंची हीच त्यांची राखण झाली.

हीच राखण चाकणच्या पंचक्रोशीतील तीन डोंगरांनाही लाभली. भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर ही त्यांची नावे. तिन्ही डोंगर तुकोबांच्या नावाने ओळखले जातात. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रात जो भयंकर दुष्काळ पडला, त्याने देहूच्या या वाण्याचे दुकान बुडाले आणि घरातली माणसेही गेली. त्यानंतर ते या डोंगरांवर एकांतासाठी जाऊ लागले, असे परंपरा सांगते. देहूपासून तिन्ही पायी जाण्याजोगे. पण चढून गेल्यावर गावाचा गलबला ऐकू येणार नाही इतके उंच.

तुकोबांच्याही कितीतरी आधी या कपाऱ्यांना माणसाची ओळख होती. घोराडेश्वर म्हणजे शेलारवाडीची लेणी. लोहमार्गावरील बेगडेवाडी स्थानकाजवळून पायऱ्या चढून गेले की इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भिक्षूंसाठी कोरलेली ही लेणी लागतात. तेथे एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट या गावी राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सिआगुतनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह हे दान दिले, असे तो सांगतो. राजा नाही, सेनापती नाही. नांगर धरणाऱ्याच्या घरची बाई! आज त्याच लेण्यात महादेवाची पिंड आहे आणि शिवरात्रीला तेथे यात्रा भरते. देव बदलले, पायऱ्या चढणारे पाय तेच राहिले.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या या मुलखात अशीच पायपीट केली. गणिताचे हे पंडित वाटेवर पडलेली गारगोटीची इवलीशी हत्यारे वेचीत आणि गुराख्यांच्या देवतांची चौकशी करीत. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, आपल्या जुन्या देवतांची ठाणी पुष्कळदा अश्मयुगातील माणसांच्या वाटांवरच सापडतात. पायवाट ही लेखापेक्षाही जुनी नोंद असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

दुपारी आम्ही भामचंद्र चढलो. पायथ्याशी शिंदे आणि वासुली ही गावे. चढ अंगावर येणारा, पाऊलवाट कधी गवतात हरवणारी, कधी काळ्या कड्याच्या अगदी पोटाशी जाणारी. सोनकीची पिवळी फुले शेवटची उमलत होती. एक घोरपड दगडावर ऊन खात पडली होती, ती आमची चाहूल लागताच सरकन नाहीशी झाली. कड्यातील गुहांत महादेवाचे ठाणे आहे. एका गुहेत कीर्तनाचा अभ्यास करणारे तरुण साधक बसले होते. एकाने आम्हांला तांब्याभर पाणी दिले आणि म्हणाला, "बसा माउली, दम घ्या." भाच्याला जन्मात प्रथमच कोणी 'माउली' म्हटले असावे, तो लाजला.

वरून खालची सपाटी उघडी पडली. दृष्टी जाईल तेथवर कारखान्यांची छपरे. १९५४ साली पिंपरीत सरकारने पेनिसिलिनचा कारखाना काढला आणि या माळाचे नशीब फिरले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी भरत गेली; शतक संपता संपता कारखाने चाकणपर्यंत येऊन पोहोचले. मी त्यांना नावे ठेवणार नाही. माझ्या भाच्याची चूल त्यांच्यावर पेटते. त्याच्यासारख्या लक्षावधींची पेटते. पण त्या छपरांकडे पाहताना एक गोष्ट मनात आली. आता उंची ही राखण उरलेली नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडलेला हा काळा पाषाण फोडावयास आता सुरुंग आणि यंत्रे आहेत. मोशीकडच्या खाणी पाहाव्यात. जेथे टेकड्या होत्या तेथे विहिरीसारखे खड्डे आहेत. संग्रामदुर्गाची जी गत झाली, ती आता डोंगराचीही होऊ शकते.

मग डोंगर राखावयाचा कोणी?

याचे उत्तर दूरदेशीही मिळते. मेक्सिकोच्या राजधानीच्या दक्षिणेस तेपोस्त्लान नावाचे एक लहान गाव आहे. कड्यांनी वेढलेले, कड्यावर जुन्या देवाचे पाषाणमंदिर. ती चढण चढावयास राजधानीचे लोक सुट्टीच्या दिवशी लोटतात. १९९५ साली तेथे श्रीमंतांसाठी गोल्फचे मैदान आणि घरे बांधण्याचा घाट घातला गेला. गावकऱ्यांनी वाटा अडवल्या, एका माणसाचा जीव गेला, आणि १९९६ साली तो बेत सोडून द्यावा लागला.

आमच्या भामचंद्राच्या पायथ्याशीही २००८ साली असेच घडले. एका परदेशी रसायन कंपनीचे संशोधन केंद्र तेथे व्हावयाचे होते. इंद्रायणीचे पाणी नासेल, तुकोबांचा डोंगर बाटेल, या धास्तीने गावकरी आणि वारकरी उठले. त्या वर्षी जुलैत बांधकामाला आगही लागली. आगीचे गोडवे मी गाणार नाही; पण अखेर कंपनीने तेथून काढता पाय घेतला, हा इतिहास आहे. तेथे उभे राहिलेले पुष्कळसे लोक त्या डोंगराची वाट पायाखालची असलेले होते. नकाशावर पाहणाऱ्याला डोंगर म्हणजे रिकामी जागा. चालून गेलेल्याला मात्र तेथले टाके ठाऊक असते, सावली ठाऊक असते, दम घेण्याचा दगड ठाऊक असतो.

उतरताना भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या रविवारी कारखान्यातल्या पोरांना भंडाऱ्यावर नेतो. तिकडे गाडीही जाते."

"गाडी जाते," मी म्हणालो, "पण तुम्ही चालत जा."

वाचकहो, या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्याजवळचा एखादा डोंगर चढा. नावाजलेला नसला तरी चालेल. कोणी पाणी देईल ते प्या, कोरलेले अक्षर दिसले तर त्यावर आपले नाव लिहू नका, आणि खाली आल्यावर मुलांना वाटेच्या खुणा विचारा. त्यांना त्या सांगता आल्या, तर त्या डोंगराला आणखी एक राखणदार मिळाला असे समजा.