मराठी खलनायकाची कुळकथा

रहस्यकथेतला खलनायक अनेकदा अदबीने बोलतो, घरच्यासारखा वागतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्याचा संशय येत नाही. मराठी रंगभूमीवरचा त्याचा पूर्वज मात्र गर्जत आला, आणि तोही आमच्या कुपवाडच्या शेजारी, सांगलीत.

5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केले. भाव्यांच्या परंपरेतल्या नाटकमंडळ्यांत राक्षसांची कामे करणाऱ्यांना 'राक्षसपार्टी' म्हणत. 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत, तलवारी परजत ते उतरले की खल कोण, हे शेंबड्या पोरालाही कळे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत एडगर ॲलन पोची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा छापून आली. तिच्यातला खुनी प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवतो आणि पोलिसांना हसतमुखाने त्याच खोलीत बसवतो. एक खल ओरडून स्वतःची ओळख देणारा, दुसरा शहाणपणाचा आव आणणारा.

हे अंतर सांगली परिसरातल्याच नाटककारांनी तोडले. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव'मधून 'ऑथेल्लो' मराठीत आणले आणि कानाशी लागून संसाराची राखरांगोळी करणारा विश्वासू माणूस दाखवला. त्यांच्या 'संगीत शारदा'तला (1899) भद्रेश्वर दीक्षित तर हाती शस्त्रही धरत नाही. पैशासाठी तो पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचे लग्न जुळवतो. असे मध्यस्थ प्रेक्षकांच्या गावोगावी होते. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा 'कीचकवधा'तला (1907) कीचक पुराणातला. पण लोकांनी त्याच्यात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

पुढे रहस्यकथेत उघड आणि छुप्या खलांची दोन्ही घराणी नांदली. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड या नायकांना तोडीस तोड, उघड वैर धरणारे बदमाश लागत. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भय साध्यासुध्या घरातूनच उगवते.

माझ्या मते दुसरे घराणे श्रेष्ठ. आरोळी ठोकणाऱ्यापासून माणूस सावध होतो. भद्रेश्वराला मात्र आपणच पाट मांडतो. म्हणून रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांनी खलाचा चेहरा भेसूर करण्याच्या नादी लागू नये. त्याच्या दुष्टपणाला वाचकाला पटेल असे कारण द्यावे.