उन्हाळ्याचें पांघरूण : सरावली परिसर आणि जुन्या दप्तरांतील कांहीं वस्त्रनामें

जुन्या कागदपत्रांच्या छापील आवृत्ति चाळतांना पासोडी, दोहर, दुलई, लेप, चौघडी, सुजनी, वाकळ असे शब्द वारंवार भेटतात. संपादकांनीं बहुधा त्यांखालीं ‘एक प्रकारचें पांघरूण’ एवढीच टीप दिलेली असते. टीप चुकीची नाहीं. परंतु तिनें वाचकाच्या हातीं कांहींच पडत नाहीं. यादींत दोहर आहे कीं लेप आहे, यावरून ती यादी कोणत्या ऋतूंतली, कोणत्या प्रदेशांतली व कोणत्या ऐपतीच्या घरची, याचा तर्क करितां येतो. हे शब्द केवळ नांवें नसून पुष्कळ अंशीं ते मोजमाप आहेत, असें आमचें मत आहे. व उन्हाळ्याचें हलकें पांघरूण कसें निवडलें जाई तें समजल्यावांचून हें मोजमाप नीट उलगडत नाहीं. यासाठीं आम्ही उत्तर कोंकणांतील एक लहानसा टापू डोळ्यांपुढें ठेविला आहे.

हा टापू म्हणजे बोईसरलगतचें सरावली गांव व त्याच्या पश्चिमेस तारापूरपर्यंत पसरलेली किनारपट्टी. सरावली हें नांव ऐकतांच आमच्या पोथीसंग्राहक मित्रांस कल्याणवर्म्याची ‘सारावली’ आठवेल. त्या ज्योतिषग्रंथाचा येथें कांहीं विषय नाहीं. पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. येथील वैशाखांतील रात्र देशावरच्या रात्रीसारखी नसते. देशावर दिवसां भट्टी पेटली तरी उत्तररात्रीं गारवा सुटतो. येथें मे महिन्यांत रात्रीचें तपमान २७ अंशांच्या आसपासच रेंगाळतें, आणि समुद्रावरून येणारी हवा ओलसर असते. मग अशा रात्रीं पांघरूण हवेंच कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असें कीं, तें थंडीसाठीं नव्हेच. ओटीवर किंवा अंगणांत बाज टाकून निजणाऱ्यास तें हवेंतील दमटपणासाठीं, पहाटेच्या वाऱ्यासाठीं आणि सर्वांत अधिक डांसांसाठीं लागतें. भातखाचरें, खाजण व खाड्या यांच्या शेजारीं राहणाऱ्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथेंच एकेरी व दुहेरी वस्त्रांतला भेद कामास येतो. एकेरी पातळ कापड घामानें अंगास चिकटतें, आणि चिकटलेल्या कापडांतून डांस सहज सोंड घालतो. तेंच कापड दुहेरी करून कडांनीं सैल शिवलें, तर आंतला पदर घाम शोषतो, बाहेरचा वाऱ्यानें सुकतो, व दोहोंमध्यें थोडी पोकळी राहते. वजन मात्र फारसें वाढत नाहीं. हवेंतील आर्द्रता ६५ टक्के असतां सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा सामावून घेतें, लोंकर त्याच्या दुप्पट घेते, आणि हल्लींचा पॉलिएस्टर धागा अर्धा टक्काही घेत नाहीं. आजीबाईंनीं हे आंकडे कधीं ऐकले नव्हते. पण जुन्या मऊ लुगड्यांचें दुपदरी पांघरूण उन्हाळ्यास व घोंगडी पावसाळ्यास, ही त्यांची वांटणी या आंकड्यांस सोडून नाहीं.

शास्त्रग्रंथांत या गोष्टीचें काय म्हणणें आहे, तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील तिसरा अध्याय हे ऋतुचर्येचे. हेमंतांत वाग्भट प्रावार, अजिन, कौशेय इत्यादि वस्त्रें शय्येवर अंथरावयास सांगतो, व अंगावर घेण्याचीं वस्त्रें स्वभावतः उष्ण असून वजनानें हलकीं असावीं अशी अट घालतो. म्हणजे अंथरुणाचा व पांघरुणाचा नियम त्यानें निराळा केला आहे, आणि ऐन थंडींतही पांघरूण हलकेंच मागितलें आहे. ग्रीष्मांत दोघांही ग्रंथकारांस रात्रीं चांदण्यानें निवालेली गच्ची हवी आहे. वाग्भटाच्या वर्णनांत अत्यंत तलम वस्त्र नेसलेला पुरुष येतो. पांघरुणाचा स्वतंत्र निर्देश या दोन्ही ग्रीष्मप्रकरणांत नाहीं. हा उन्हाळा कोरड्या प्रदेशाचा आहे हें उघड दिसतें. तारापूरच्या किनाऱ्यावरील मनुष्यास याच अध्यायांतील वर्षाऋतूचा नियम अधिक जवळचा वाटेल, कारण तेथें हलकें व स्वच्छ वस्त्र आणि ओल नसलेली जागा यांवर भर आहे.

राजाच्या शय्येचा थाट पाहावयाचा असेल तर शके १०५१ च्या सुमाराचा, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा मानसोल्लास उघडावा. (हें कल्याण आजच्या बिदर जिल्ह्यांतलें; ठाण्याजवळचें नव्हे. ही गल्लत अजूनही होते.) त्यांत वस्त्रोपभोग व शय्योपभोग हे विषय निरनिराळे मांडले आहेत. शय्यांच्या प्रकारांत पिसांची, कापसाची, कोंवळ्या पालवीची, फुलांची, इतकेंच नव्हे तर पाणी भरलेल्या चामड्याचीही शय्या सांगितली आहे. उन्हाळ्याची अडचण राजानें खालून सोडविली, रयतेनें वरून सोडविली, एवढाच यांतला फरक.

आतां शब्दांकडे वळूं. अमरकोशांत निचोल व प्रच्छदपट यांची जोडी सांगून लगेच रल्लक व कंबल यांची जोडी दिली आहे. सुती आच्छादन व लोंकरी पांघरूण यांची ही जुनीच फाळणी होय. मराठींतील ‘पासोडी’ व गुजरातींतील ‘पछेडी’ या दोन्ही शब्दांचें मूळ प्रच्छदपटाच्या कुळांत असावें, असें आम्हांस वाटतें. सरावलीच्या परिसरांत मराठी व गुजराती या दोन्ही भाषा कानीं पडत असल्यानें हे दोन शब्द शेजारीं ठेवून पाहण्यास ही जागा सोईची आहे. दोन्ही वस्त्रें अंगावर घ्यावयाचीं. परंतु पासोडी म्हटली कीं जाड, दुहेरी, टिकाऊ असें कांहीं मनांत येतें.

दोहर, दुपटें, चौघडी, चोफाळ या नांवांत संख्या उघड आहे. येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हातमागाचा पन्हा अरुंद असल्यामुळें मोठें पांघरूण करावयाचें तर दोन पट्टे लांबीच्या बाजूनें जोडावे लागत. अशा पट्ट्यास गुजरातींत फाळ म्हणतात, व चोफाळ हा त्यावरून झालेला शब्द आहे. म्हणजे ‘चो’ अथवा ‘दु’ ही संख्या कधीं रुंदीचे पट्टे मोजते, तर कधीं जाडीचे पदर मोजते. चौघडींत घड्या मोजल्या आहेत. ती चार पदरांची. चोफाळांत पट्टे मोजले आहेत. तो रुंद असेल, पण जाड असेलच असें नाहीं. ज्या संपादकांनीं हे दोन्ही शब्द एकाच टीपेंत कोंबले, त्यांनीं उन्हाळा व हिंवाळा एकाच घडींत गुंडाळले असें म्हणावें लागतें. दोहर मात्र निःसंशय दोन पदरांची, भरण नसलेली. दुलईंत पातळसा कापूस आला, लेपांत व रजईंत तो वाढला. सुजनी टांक्यांनीं दाट केलेली. ती पांघरण्यापेक्षां अंथरण्याकडे झुकते. या क्रमानें खालीं उतरत आलें कीं ऋतूही बदलत जातो.

हीं वस्त्रें सर्व घरचींच असत असें नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकानें खंबायतच्या वर्णनांत सुंदर शिवलेल्या दुलया व पलंगावरील छतें यांची वाखाणणी केली आहे. खंबायतेहून चौलकडे जाणारीं गलबतें याच किनाऱ्यासमोरून जात. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. तारापूरचा कोटही त्यांच्याच हातीं राहिला, तो १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पाच्या मोहिमेंत मराठ्यांनीं घेतला, व त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. देशावर या वस्त्रांची दुसरी वाट होती. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सिरोंजच्या छिटांविषयीं लिहितो कीं, त्यांचीं पलंगावरचीं आच्छादनें, दस्तरखान व उशांच्या खोळी होतात, आणि धुतां धुतां रंग अधिक खुलतो. याचें श्रेय तो तेथील नदीच्या पाण्यास देतो. सभासदानें दिलेल्या शिवकालीन कारखान्यांच्या यादींत फरासखाना व जामदारखाना निराळे आहेत. म्हणून बिछायत एका ठिकाणीं व मोलाचीं वस्त्रें दुसऱ्या ठिकाणीं नोंदलेलीं सांपडतात. एकाच घराच्या दोन याद्यांत दोन निराळीं पांघरुणें दिसलीं तर गोंधळून जाऊं नये.

पण सामान्य घरांत जें वस्त्र अंगावर होतें, तें बाजारांतून आलेलें नव्हतें. तें गोधडी अथवा वाकळ होतें. गोधडीचा जाडपणा जुन्या लुगड्यांच्या पदरांवर ठरतो. उन्हाळ्यासाठीं दोन-तीन पदर, हिंवाळ्यासाठीं त्याच्या दुप्पट. गोधडी विरली कीं ती फेकीत नाहींत. तिच्यावर नवा पदर चढवितात. आम्ही अशी एक जीर्ण गोधडी मालकिणीच्या संमतीनें एका कडेनें उसवून पाहिली. वरचा पदर गिरणीच्या छापील पातळाचा, त्याखालीं दुसरें तसलेंच, आणि सर्वांत आंत हातमागाच्या लुगड्याचा तुकडा, किनारीसकट. बाहेरच्या पदरांचा रंग उडाला होता. आंतल्या किनारीचा तांबडा रंग मात्र टिकून होता, कारण त्यास ऊन लागलेंच नव्हतें. पोथीच्या पुठ्ठ्यांत चिकटविलेलीं जुनीं पानें ज्यांनीं वाफ देऊन सोडविलीं आहेत, त्यांस त्या वेळचा आमचा आनंद कळेल. टांके मात्र एकाच हाताचे नव्हते. आंतले बारीक व सरळ, वरचे लांब व घाईचे.

आज सरावलीच्या सीमेस तारापूरची औद्योगिक वसाहत लागून आहे. तेथें कापडाचेही कारखाने आहेत, आणि बोईसरच्या दुकानांतून तीनपदरी मलमलीची दोहर ‘एसीची’ म्हणून विकली जाते. उन्हाळ्यासाठीं निघालेलें वस्त्र कृत्रिम थंडीसाठीं विकत घ्यावें लागावें, ही गंमतच आहे! त्याच दुकानांत सोलापुरी चादरही असते. ती भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेली व नांवाजलेली खरी, पण विणीनें जाड आहे. कोरड्या हवेंतल्या पहाटेस ती उत्तम, किनाऱ्यावरच्या वैशाखांत नव्हे. चादर हा फारसी शब्द एकेरी आच्छादनाचा असतां मराठींत तो या जाड वस्त्रासही लागला, म्हणून अलीकडच्या यादींतील ‘चादर’ व जुन्या यादींतील ‘चादर’ एक समजूं नये.

आमच्या वाचकांशीं या विषयाचा निकट संबंध निराळ्याच ठिकाणीं येतो. पोथी बांधण्याचें बासन कशाचें करीत? पुष्कळदां घरांतल्या जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुती वस्त्राचें. दुहेरी मऊ कापड ओल शोषतें व पानांस घासत नाहीं, हा पांघरुणाचा गुण पोथीच्याही उपयोगी पडे. जें शरीरावर विरलें तें पोथीवर चढलें. पेशवे दप्तर रुमालांत बांधलेलें आहे, व दप्तराची गणना आपण रुमालांनींच करितों. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं त्यांतून ४५ भाग छापले गेले. कागद छापले गेले. कापडाकडे कोण पाहतो? संग्रहांत नवी पोथी आली कीं पहिलें काम म्हणून मळकें बासन टाकून तिला कोरा लाल कपडा गुंडाळण्याची चाल पडली आहे. कसर लागूं नये हा हेतु स्तुत्य आहे. पण त्या मळक्या बासनांत एखाद्या दोहरीचा मधला जोड, पन्ह्याची मूळ रुंदी व किनार हीं तिन्ही शिल्लक असूं शकतात, आणि उन्हाळ्याचीं साधीं पांघरुणें अन्यत्र कोठें उरण्याचा संभव फार थोडा. रेशमी शालजोड्या पेट्यांत जपल्या गेल्या. दोहर मात्र वापरून संपली.

पांघरूण व पोथी यांचें एकच शरीर झाल्याचें उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. दासोपंतांनीं (शके १४७३ ते १५३७) आपलें पंचीकरण पासोडीवर लिहिलें. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशी ती पासोडी अंबाजोगाईस आहे. तिच्यावरील ओंव्यांचा विचार झाला आहे; वस्त्र म्हणूनही तिच्याकडे पाहिलें पाहिजे. पट्टे किती, जोड कोठें, पदर एकेरी कीं दुहेरी, सूत हातकांतणीचें किती जाड, हीं मापें कापडास धक्का न लावतां घेतां येतात. तींच चार मापें प्रत्येक संग्राहकानें आपल्याकडील बासन बदलण्यापूर्वीं पोथीच्या टिपणांत उतरून ठेवावीं, व जुनें कापड धुवून, सांवलींत वाळवून, पोथीचाच क्रमांक घालून वेगळ्या पुडक्यांत ठेवावें.