आंदोंगचे क्वॉन आणि त्यांच्या लेकींची मुलं

कोरियात आडनावांचा दुष्काळ आहे. पाच कोटी लोकांचा देश, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक किम, ली, पार्क, चोई नाहीतर जोंग! नुसत्या आडनावावरून कोण कुणाचं हे कळायचं नाही, म्हणून आडनावामागे मूळ गाव लावायची पद्धत पडली. गिमहेचे किम वेगळे, आंदोंगचे किम वेगळे. (आंदोंगच्या किमांतही पुन्हा दोन निराळी कुळं आहेत, पण तो फाटा आज नको.) गाव आणि आडनाव मिळून एक कुळ. गिमहेचे किम २०१५ च्या जनगणनेत ४४ लाखांच्या वर भरले. त्यामानाने आंदोंगचे क्वॉन लहान, सुमारे सात लाख. पण गेले काही दिवस मी या क्वॉनांच्या मागे लागलोय, कारण कोरियातली आज हाती असलेली सगळ्यात जुनी छापील वंशावळ त्यांची आहे.

या कुळाच्या उगमाची गोष्ट लढाईची आहे. दहाव्या शतकात सिल्ला हे जुनं राज्य मोडकळीला आलं होतं आणि त्याच्या तुकड्यांवर दोन नवे दावेदार भांडत होते, वांग गॉन आणि ग्यॉन ह्वॉन. ग्यॉन ह्वॉनने ९२७ मध्ये सिल्लाच्या राजधानीवर हल्ला केला, त्यात सिल्लाचा राजा मेला. तीन वर्षांनी, ९३० मध्ये, गोचांग नावाच्या ठिकाणी दोघे समोरासमोर आले तेव्हा तिथल्या तीन स्थानिक मातब्बरांनी वांग गॉनची बाजू धरली. त्यातला एक किम हेंग. कुळाची परंपरा सांगते की तो सिल्लाच्या राजघराण्यातला. वांग गॉन जिंकला, पुढे गोर्यो राज्याचा पहिला राजा म्हणून त्याने सगळा देश एक केला, आणि किम हेंगला त्याने नवीन आडनाव दिलं: क्वॉन. या चिनी अक्षराचा एक अर्थ सत्ता, पण मूळ अर्थ तराजूचं वजन. वेळ पाहून तोलायची अक्कल. आपल्या भाषेत सांगायचं तर 'तारतम्य' हे आडनाव! गावालाही नवीन नाव मिळालं, आंदोंग, म्हणजे पूर्वेकडची शांती. त्या तिघांचं देऊळवजा स्मारक आंदोंगमध्ये आजही आहे.

इथपर्यंत सगळं कुठल्याही घराण्याच्या कथेसारखंच. एक शूर मूळपुरुष, राजाची कृपा, मग मुलगा, नातू, पणतू. खरी गंमत पुढे आहे.

वंशावळीला कोरियनमध्ये जोकबो म्हणतात. क्वॉनांची ही जोकबो १४७६ साली छापली गेली, म्हणजे मूळपुरुषानंतर जवळजवळ साडेपाचशे वर्षांनी. क्वॉन जे याने माहिती जमवायला सुरुवात केली, त्याचा मुलगा क्वॉन राम याने काम पुढे नेलं, आणि तोही गेल्यावर ते तडीला नेणाऱ्यांत प्रमुख होता सॉ गॉ-जॉंग, त्या काळातला मोठा विद्वान दरबारी. प्रस्तावना त्याचीच आहे. त्यात तो स्पष्ट म्हणतो की आपल्या देशात वंशावळी ठेवायची रीत नाही, मोठमोठ्या घराण्यांतही चार पिढ्यांपूर्वीची नावं लोकांना आठवत नाहीत. कोरियन माणूस म्हणजे हजार वर्षांच्या वंशावळी मुखोद्गत, अशी जी आपली समजूत असते, तिला पहिल्याच पानावर सुरुंग!

आता जरा थांबून आडनाव बघा. सॉ. क्वॉन नव्हे. क्वॉनांची वंशावळ हा कसा काय लिहितो? तर त्याची आई क्वॉनांची लेक होती, क्वॉन गुन या प्रसिद्ध पंडिताची मुलगी. लेकीचा मुलगा तो घरचाच.

आणि हे त्या एकट्यापुरतं नाही. या जोकबोत आठ-नऊ हजार नावं आहेत, आणि त्यात खुद्द क्वॉन आडनावाचे लोक दहात एकही भरत नाहीत. बाकीचे सगळे लेकींचे वंशज, लेकींच्या लेकींचे वंशज. मुलगे आधी आणि मुली शेवटी असंही नाही, ज्या क्रमाने जन्मले त्या क्रमाने. (मुलीचं स्वतःचं नाव मात्र नाही, तिच्या जागी नवऱ्याचं नाव. इतकंही हुरळून जायला नको.) एखादीने दुसरं लग्न केलं असेल तर दुसऱ्या नवऱ्याचीही नोंद आहे, न लाजता. आणि ज्याला मूल नाही त्याच्यापुढे सरळ 'वंश नाही' असं लिहून टाकलंय, नावाला दत्तक आणून रेघ पुढे ओढलेली नाही.

हे असं का, याचं उत्तर त्या वेळच्या घरांत आहे. लग्न झालं की मुलगा सासरी राहायला जायचा, मुलं बऱ्याचदा आजोळी वाढायची. जमीन मुलगे-मुलींत सारखी वाटली जायची, पितरांचं करणंही भावंडांत फिरतं असायचं. सरकारी परीक्षेला बसताना बाप, आजा, पणजा यांच्यासोबत आईच्या वडिलांचं नावही द्यावं लागे. युलगोक हा सोळाव्या शतकातला थोर विचारवंत १५३६ मध्ये आजोळीच जन्मला, आणि त्याच्या भावंडांचं १५६६ चं वाटणीपत्र अजून जपून ठेवलेलं आहे. त्यात बहिणींनाही वाटा आहे. (युलगोक आज पाच हजार वॉनच्या नोटेवर आहे आणि त्याची आई शिन साइमदांग पन्नास हजाराच्या. आई दसपट!)

मग बदललं कसं? एका दिवसात नाही. क्वॉनांची जोकबो छापली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १४७७ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहावर दरबारात चर्चा झाली. बहुतेक मंत्र्यांचं मत होतं की दुसरं लग्न चालू द्यावं. राजा सॉंगजॉंगने थोड्यांचं ऐकलं, आणि १४८५ च्या कायद्यात पुनर्विवाहित बाईच्या मुला-नातवांना परीक्षेचे दरवाजे बंद झाले. चिनी कन्फ्यूशियन घरधर्म वरून खाली झिरपत गेला. त्यात पोटाचाही प्रश्न होता. दर पिढीला सारखी वाटणी म्हणजे दर पिढीला जमिनीचे तुकडे. १६६९ मध्ये बुआनच्या किम घराण्यातल्या एका कर्त्या पुरुषाने लिहून ठेवलं की लग्न झालेल्या मुलींनी यापुढे पितरांचं करायचं नाही आणि त्यांना मुलाच्या एक तृतीयांश वाटा. श्राद्ध काढून घेतलं की वाटाही काढून घेता येतो, हिशोब सरळ आहे. पुढच्या जोकबोंत मुलगे आधी, मुली नंतर, लेकींची शाखा एक-दोन पिढ्यांत खुंटलेली, आणि निपुत्रिकांना भाऊबंदांतून दत्तक. एकोणिसाव्या शतकापर्यंत तर जोकबोला बाजारभाव आला. ज्याच्याकडे पैसा, तो बड्या घराण्याच्या शाखेत आपलं नाव घुसवून घेई. १८९४ मध्ये जातवार दर्जे कायद्याने संपले तरी ही हौस संपली नाही, आणि आज जो तो कुठल्या ना कुठल्या उच्च कुळाचा असतो.

मला खटकतं ते हे, की विसाव्या शतकात या उशिरा घडलेल्या रूपालाच 'आपली प्राचीन परंपरा' म्हणून कायद्यात बसवलं गेलं. एकाच कुळातल्या दोघांना लग्न करता येईना. सात लाखांच्या कुळात मुलगी क्वॉन आणि मुलगाही आंदोंगचाच क्वॉन निघाला की संपलं, नातं वीस पिढ्यांपलीकडचं असलं तरी! अशी किती जोडपी नोंदणीविना राहिली, त्यांच्या मुलांचं काय झालं, हे वाचताना वाईट वाटतं. घटना न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली आणि २००५ च्या दुरुस्तीत ती गेली. पुरुषच कुटुंबप्रमुख ही पद्धत २००८ पासून बंद झाली. आणि २१ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुळाच्या मंडळाचे सभासद फक्त पुरुष हा रिवाज यापुढे धरता येणार नाही, सज्ञान झालेल्या मुलीही सभासद. कुळांच्या सामाईक जमिनी शहरं वाढल्यावर सोन्याच्या भावाने विकल्या जात होत्या आणि लेकींना पैशात हिस्सा मिळत नव्हता, त्या भांडणातून हा निकाल आला.

त्यातही सभासद व्हायला कुळाचं आडनाव हवंच. लेकीच्या मुलांना ते नसतं. २०२२ मध्ये न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं: बापाचं आडनाव सोडून आईचं आडनाव आणि मूळ गाव लावून घेतलं असेल, तर तो माणूस आईच्या कुळाचा सभासद होऊ शकतो. सॉ गॉ-जॉंगने १४७६ मध्ये आजोळच्या वंशावळीची प्रस्तावना लिहिली ती मात्र आडनाव न बदलता, आणि त्याचं स्वतःचं नावही त्या नऊ हजारांत आहे.